पिठाचा कोंबडा आणि आर्थर मॉर्गनचा खोकला



आपल्या व्याख्यानमालेत आजवर कादंबरी, नाटक, संतवाङ्मय, सीमाभागातली बोली अशा पुष्कळ विषयांवर बोलले गेले. व्हिडिओ गेमवर बोलायला कोणी उभे राहिल्याचे मला तरी आठवत नाही. त्यातून बोलणारा साठी ओलांडलेला, होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा, जैन घरातला माणूस असावा, याचे कोणाला हसू आले तर मी राग मानणार नाही. पहिले काही दिवस मलाही स्वतःचे हसूच येत होते.

झाले असे, की मागच्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दोन महिने घरी बसावे लागले. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकते, त्यामुळे संध्याकाळ फार लांबते. मुलगा पुण्याला नोकरीला. त्याचे प्लेस्टेशन टीव्हीखालच्या कपाटात धूळ खात पडलेले. सुट्टीला आला तेव्हा त्याने ते जोडून दिले, माझ्या हातात कंट्रोलर ठेवला आणि म्हणाला, "बाबा, ही कादंबरीच आहे असं समजा. पानं उलटायच्या ऐवजी घोडा चालवायचा." रोज तासभर, असे करत तो खेळ पुरा व्हायला मला पाच महिने लागले. गुडघा त्याच्या कितीतरी आधी बरा झाला.

खेळाचे नाव 'रेड डेड रिडेम्प्शन २'. तो संपला त्या रात्री मी टीव्ही बंद न करता बराच वेळ तसाच बसून राहिलो. कर्माचे फळ उशिरा येते, हे वाक्य मी लहानपणापासून बस्तीत ऐकत आलो आहे. त्यातला 'उशिरा' हा शब्द मला त्या रात्री नीट कळला. तो कसा कळला, एवढेच मला आज सांगायचे आहे.

खेळ म्हणजे नेमके काय

आपल्यापैकी अनेकांनी असा खेळ पाहिलेला नसेल, म्हणून आधी थोडी ओळख. व्हिडिओ गेम म्हटले की गाड्यांची शर्यत किंवा उगाच धडाधड गोळीबार, एवढेच डोळ्यांपुढे येते. पण काही खेळ दीर्घ गोष्ट सांगणारे असतात. 'रॉकस्टार गेम्स' या कंपनीने हा खेळ २६ ऑक्टोबर २०१८ रोजी बाजारात आणला आणि आजवर त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. तो प्रौढांसाठीच आहे, मुलांच्या हाती देण्याजोगा नाही, हेही सांगून ठेवतो. मुख्य कथेची संहिताच सुमारे २००० पानांची होती, असे तिच्या लेखकांपैकी एकाने सांगितले आहे. पडद्यावरची माणसे चित्रातली असली तरी त्यांच्या हालचाली आणि आवाज खऱ्या नटांचे आहेत. नायक आर्थर मॉर्गन याचे काम रॉजर क्लार्क या नटाने केले आणि त्यासाठी त्याला त्या वर्षीचा मोठा पुरस्कारही मिळाला.

काळ १८९९ सालचा. देश अमेरिका, राज्यांची आणि गावांची नावे मात्र कल्पित. सेंट डेनिस नावाचे मोठे शहर त्यात आहे, ते न्यू ऑर्लिन्सवरून बेतलेले आहे, हे कोणाच्याही लक्षात यावे. डच व्हॅन डर लिंडे नावाच्या गोडबोल्या पुढाऱ्याची एक दरोडेखोर टोळी आहे. एक दरोडा फसतो, टोळी बर्फाळ डोंगरांत पळते आणि तिथून कथा सुरू होते. तारा, रेल्वे, खासगी गुप्तहेर आणि कायदा यांच्यामुळे दरोडेखोरांचे दिवस भरत आलेले आहेत. डच अजूनही नव्या मुलखाची आणि एका शेवटच्या मोठ्या घबाडाची आश्वासने देतो. आर्थर हा त्याचा उजवा हात. लहानपणी डचने त्याला उचलून आणले, वाढवले; त्यामुळे निष्ठा हाच त्याचा धर्म.

कादंबरीत आपण आर्थरबद्दल वाचू. सिनेमात त्याला पाहू. इथे आर्थरचे हातपाय आपल्या बोटांनी हलतात. मुख्य कथेला पन्नासेक तास लागतात, माझ्यासारख्या नवख्याला त्याहून जास्त. त्या तासांतला बराचसा वेळ काहीच घडत नाही. घोड्यावरून जायचे, घोड्याला खरारा करायचा, तळावर लाकडे फोडायची, वाटेत भेटलेल्याला रामराम घालायचा किंवा त्याला शिवीगाळ करायची. हे दोन्ही करायला वेगवेगळी बटणे आहेत. आर्थर एक वही बाळगतो. तीत तो प्रसंग लिहितो आणि पक्ष्यांची, माणसांची सुंदर रेखाटने काढतो. होमिओपॅथीत आम्हाला शिकवतात, की रुग्णाला मधेच न तोडता त्याच्या शब्दांत सगळे सांगू द्यावे. हानेमानने 'ऑर्गनन'मध्ये तसे सांगून ठेवले आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत मला हा खेळ तशा एखाद्या लांबलचक केसपेपरसारखा वाटला. रुग्ण बोलतो आहे आणि तक्रार काय ते अजून निघालेले नाही.

पिठाचा कोंबडा

आता माझी अडचण. हा खेळ हिंसेने भरलेला आहे. सुरुवातीलाच बर्फात हरणाची शिकार करावी लागते. त्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. मी ती केली, आणि पुढे जिथे जिथे मुभा होती तिथे आर्थरला डबाबंद पीच, मका, सफरचंद आणि बिस्किटांवर ठेवला. माणसांच्या बाबतीत मात्र अशी सवलत नव्हती. दरोडा असला की गोळ्या झाडाव्याच लागत. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून एकदा डोकावून म्हणाल्या, "अहो, दसलक्षणातही त्या घोड्यावर बसणार आहात का?" ते दहा दिवस मी कंट्रोलर कपाटात ठेवला. पण प्रश्न कपाटात बसेना. पडद्यावर जे मेले ते कोणी नव्हतेच. मग यात हिंसा कुठे झाली?

आमच्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर हजार वर्षांहून जुने आहे आणि ते एका गोष्टीत आहे. उज्जयिनीचा राजा यशोधर. त्याच्या आईच्या, चंद्रमतीच्या मते अरिष्ट टाळायला देवीला पशुबळी द्यायला हवा. यशोधर नकार देतो. आईचा आग्रह सुटत नाही. शेवटी तडजोड होते: खरा पशू नको, पिठाचा कोंबडा करू आणि तो बळी देऊ. यशोधर त्या पिठाच्या कोंबड्यावर तलवार चालवतो. जीव एकही गेला नाही. तरीही त्या एका घावापोटी मायलेकांना मोर, कुत्रा अशा कितीतरी जन्मांतून फिरावे लागते. सोमदेवसूरींनी ही कथा ९५९ साली पूर्ण झालेल्या 'यशस्तिलकचंपू' या संस्कृत ग्रंथात सांगितली, पुष्पदंताने अपभ्रंशात 'जसहरचरिउ' लिहिले, आणि आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये जन्न कवीने तेराव्या शतकाच्या आरंभी 'यशोधर चरिते' रचले. आपल्या या भागातल्या जैन घरांना ही गोष्ट परकी नाही.

या कथेमागचा विचार असा. हिंसा दोन प्रकारची: जीव प्रत्यक्ष जाणे ही द्रव्यहिंसा आणि मनात मारण्याचा भाव उठणे ही भावहिंसा. आचार्यांनी जोर दिला तो दुसरीवर. चालताना पूर्ण काळजी घेऊनही पायाखाली किडा आला तर त्याचा दोष वेगळा. पिठाच्या कोंबड्याला 'कोंबडा' समजून तोडले तर त्याचा दोष वेगळा, आणि तो मोठा. कारण पिठात जीव नसला तरी मनात संकल्प होता.

हे वाचून मी सुटलो नाही, उलट अडकलो. खेळातला शत्रू म्हणजे पिठाचा कोंबडाच. त्याच्यावर नेम धरताना माझ्या मनात काय होते? खरे सांगतो, आगगाडीच्या दरोड्यात नेम बरोबर बसला तेव्हा मला आनंद झाला होता. तो आनंद पिठाचा नव्हता, तो माझा होता. हे मी या व्यासपीठावरून कबूल करतो. पण खेळ इथे थांबत नाही, आणि म्हणूनच मीही थांबलो नाही.

डाउन्सचे कर्ज

दुसऱ्या प्रकरणात टोळीतला स्ट्राउस नावाचा माणूस सावकारी करत असतो. नाडलेल्या लोकांना भरमसाट व्याजाने पैसे द्यायचे आणि वसुलीला आर्थरला धाडायचे. त्या यादीत थॉमस डाउन्स नावाचा एक शेतकरी आहे. खोकणारा, खंगलेला, तरी गावात धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करणारा. आर्थर त्याच्या शेतावर जातो आणि त्याला मारहाण करतो. करतो म्हणजे मी केली. बटण दाबायला मलाच लागले आणि दाबल्याशिवाय कथा पुढे जात नव्हती. मार खाताना डाउन्सला खोकल्याची उबळ येते आणि रक्ताची थुंकी आर्थरच्या तोंडावर उडते. बायको धावत बाहेर येते. आर्थर तोंड पुसतो आणि निघतो. डाउन्स पुढे मरतो, हे नंतर कळते.

डॉक्टर म्हणून तेव्हाच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही. मला वाटले, सावकारी किती वाईट हे दाखवायला टाकलेला एक प्रसंग. त्यानंतर आगगाड्या आल्या, बँका आल्या, दोन घराण्यांचे वैर आले, सेंट डेनिस आले, पाचव्या प्रकरणात जहाज फुटून एक उष्ण बेटही आले. मधे दसलक्षण पर्व येऊन गेले, दिवाळी येऊन गेली. आर्थर अधूनमधून खोकायचा. मी लक्ष दिले नाही. डाउन्सचे नाव मी साफ विसरलो होतो.

सहाव्या प्रकरणात सेंट डेनिसच्या रस्त्यावर आर्थर कोसळतो. एक अनोळखी माणूस त्याला आधार देऊन डॉक्टरकडे पोचवतो. डॉक्टर तपासतो आणि सांगतो: क्षय. विश्रांती घे, कुठेतरी उबदार, कोरड्या हवेच्या जागी जा. त्या खुर्चीतल्या आर्थरकडे पाहताना मला एकदम ते शेत आठवले, तो खोकला आठवला, तोंडावरून फिरवलेला हात आठवला. दोन-अडीच महिन्यांपूर्वी मीच दाबलेले ते बटण.

एका वैद्याच्या नजरेने

इथे व्यवसायाला धरून दोन शब्द बोलू द्या. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला होता. म्हणजे १८९९ च्या डॉक्टरला कारण ठाऊक होते, उपाय नव्हता. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडायचे होते. मधल्या काळात हवापालट, दूध, आराम आणि आरोग्यधाम एवढेच हाती होते. अमेरिकेत डोंगरात, वाळवंटात अशी आरोग्यधामे उभी राहिली; पुढे आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला उभे राहिले तेही त्याच विचाराने. अमेरिकेच्या त्या पश्चिमेत बंदूकबाजांनाही क्षय होत असे. डॉक हॉलिडे हा दंतवैद्य आणि नामांकित बंदूकबाज १८८७ साली कोलोरॅडोत क्षयानेच गेला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. तेव्हा खेळाने रोग हवेतून काढलेला नाही.

थोडी नाट्यमयता मात्र आहे. क्षय तोंडावर एकदा थुंकी उडून होण्यापेक्षा रोग्याच्या खोकल्यातून हवेत तरंगणारे सूक्ष्म कण बराच काळ श्वासात गेल्याने होतो. लागण झाली म्हणजे आजार झाला, असेही नाही. बहुतेकांच्या शरीरात जंतू झोपून राहतो. लागण झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष आजार होतो, आणि तो वर्षांनीही होऊ शकतो. कथेत हे काही महिन्यांत उरकले आहे. पण जे मूळ सूत्र आहे ते अचूक आहे: लागण एका दिवशी, आजार दुसऱ्याच दिवशी, आणि मधे काहीच दिसत नाही.

जैन कर्मग्रंथांत या मधल्या काळाला नाव आहे: अबाधाकाळ. कर्म बांधले जाते त्याला बंध म्हणतात, ते फळ देऊ लागते त्याला उदय. बंध आणि उदय यांच्यामध्ये कर्म सत्तेत असते, पण बाधा देत नाही. तो अबाधाकाळ. पाठशाळेत हा शब्द पाठ केला होता. जंतूच्या सुप्तावस्थेशी त्याची तुलना माझ्या मनात पूर्वीही आली होती. कळले नव्हते ते वेगळेच. अबाधाकाळ धोक्याचा असतो, कारण त्या काळात आपण विसरतो. फळ येते तेव्हा ते अन्यायासारखे वाटते, कारण बी पेरल्याची आठवण उरलेली नसते.

दोन तासांच्या सिनेमात हे जमत नाही. पहिल्या अर्ध्या तासात पाहिलेला डाउन्स शेवटपर्यंत प्रेक्षकाच्या लक्षात राहतो. विसरायला वेळ लागतो आणि तो वेळ या खेळाने मला दिला. ते रिकामे तास, तो खरारा, ते मैलोगणती घोड्यावरून जाणे, हे सारे मला विसरायला लावण्यासाठी होते, असे आता वाटते. लांबी हा या खेळाचा दोष आहे असे मुलाचे मित्र म्हणतात. मला वाटते, लांबीशिवाय त्याच्याकडे सांगण्यासारखे काही उरले नसते.

पट्टी आणि फळ

खेळात एक 'ऑनर' नावाची पट्टी आहे. चांगले वागले की खूण पांढऱ्या टोकाकडे सरकते, वाईट वागले की तांबड्याकडे. रामराम घातला तरी थोडीशी सरकते. पहिल्यांदा मला वाटले, हे तर आमचे पुण्यपापच. पण हा हिशेब किराणा दुकानातला आहे: एकाला लुटायचे, नंतर पन्नास जणांना रामराम घालून जमा-खर्च जुळवायचा. आमच्याकडे असा वजावटीचा सोपा हिशेब नाही. पुण्याचे फळ वेगळे येते, पापाचे वेगळे येते. रामरामांनी मारहाण पुसत नाही.

गंमत अशी, की खेळालाही हे माहीत आहे. तुमची पट्टी पूर्ण पांढरी असू द्या, डाउन्सचा क्षय चुकत नाही. त्या घटकेपर्यंत आर्थर माझ्या हातून शेकडो वेळा मेला होता: कड्यावरून पडून, पाण्यात बुडून, गोळी लागून. दर वेळी थोड्या मागच्या जागेवरून तो पुन्हा जिवंत झाला. तेच तर व्हिडिओ गेममधले मरण. या एका मरणाला मात्र मागचे बटण नव्हते. मी त्याला भरपूर खायला घातले, तरी तो वाळत गेला. डोळे लाल झाले, गाल बसले. नव्या बंदुका घेतल्या, घोडा चांगला घेतला. औषध कुठल्याच दुकानात नव्हते.

मग पट्टी कशासाठी? ती ठरवते आर्थर कसा मरेल, मरेल की नाही ते नाही. वागणूक बरी असेल तर एका रेल्वे स्थानकावर त्याला एक वृद्ध जोगीण भेटते आणि तिच्यापाशी हा धिप्पाड दरोडेखोर आपल्याला भीती वाटते असे कबूल करतो. उरलेल्या दिवसांत तो टोळीतल्या जॉन मार्स्टनला, त्याच्या बायकोला आणि मुलाला त्या जगण्यातून बाहेर काढायचे ठरवतो. शेवटच्या रात्री जॉनला वाचवायचे की मागे जाऊन पैसे आणायचे, हा निर्णय खेळाडूवर सोडलेला आहे. मी जॉनला निवडले. डोंगरावर, मारामारीनंतर, आर्थर खडकाला टेकून उगवत्या सूर्याकडे पाहत मरतो. ज्यांची पट्टी तांबडी असते त्यांना हा सूर्य मिळत नाही.

कर्माच्या उदयाला माणसाचा इलाज नसतो. तो उदय भोगताना मनात काय असते, त्यावर पुढचा बंध ठरतो. अजाणता, कण्हत भोगले तरी कर्म झडते, त्याला अकामनिर्जरा म्हणतात. जाणून, समतेने सोसले तर त्या झडण्याची जात वेगळी. आर्थरला आपला रोग कोणाकडून आला ते ठाऊक आहे. तो डाउन्सला दोष देत नाही, नशिबाला देत नाही. खेळाच्या लेखकांनी कर्मग्रंथ वाचले असतील असे मी म्हणत नाही. त्यांची परंपरा पाप, पश्चात्ताप आणि मुक्ती ही ख्रिस्ती परंपरा आहे. नावातला 'रिडेम्प्शन' हा शब्दच तिथला. तरी वेगळ्या वाटेने आलेला माणूस त्याच पाणवठ्यावर भेटावा तसे मला झाले.

आर्थर गेल्यावरही खेळ संपत नाही. १९०७ साल उजाडते आणि आपल्या हाती जॉन मार्स्टन येतो. तो जमीन घेतो, घर बांधतो, आर्थरची वही पुढे लिहितो. त्याची चित्रे मात्र अगदीच बेताची. ती वेडीवाकडी चित्रे पाहून मला आर्थरच्या मरणापेक्षाही जास्त गलबलले. शेवटी जॉन टोळीतल्या दगाबाजाचा सूड घेतो आणि त्याच सुडाच्या मागावर सरकारी हेर त्याच्या घरापाशी पोचतात. नामावली सरकत असताना हे शांतपणे दाखवले आहे. पुन्हा एक बंध, पुन्हा एक अबाधाकाळ.

माझा डाउन्स

त्या रात्री मी टीव्हीसमोर बसून राहिलो त्याचे कारण आता सांगतो.

साधारण तीस वर्षांपूर्वी वडगावातला एक यंत्रमाग कामगार माझ्याकडे खोकला घेऊन आला. मी त्याचे सगळे ऐकून घेतले, लक्षणे जुळवली, औषध दिले. दोन आठवड्यांनी थोडा बरा वाटला. पुन्हा वाढला, मी औषध बदलले. असे सहा-सात आठवडे गेले. थुंकी तपासायला पाठवावे हे मला सुचले नव्हते असे नाही, सुचले होते. पण माझ्या औषधाने गुण येईल, असा गर्व होता, आणि रुग्ण दुसरीकडे जाईल, हा लोभही होता. एका सकाळी त्याला रक्ताची गुळणी आली तेव्हा मी त्याला सरकारी दवाखान्यात धाडले. पूर्ण उपचार झाले, तो वाचला. पण फुप्फुसाचा एक भाग कायमचा गेला होता आणि मागावर उभे राहणे त्याला पुढे जमले नाही.

त्यानंतर तो मला बाजारात भेटला की दोन्ही हात जोडायचा. "डॉक्टर, तुम्ही वेळेवर पाठवलंत म्हणून वाचलो," असे म्हणायचा. मी हसून नमस्कार घ्यायचो. दर वर्षी क्षमावणीला मी सगळ्यांना क्षमा मागतो. नातलगांना, शेजाऱ्यांना, आता तर मोबाईलवर दोनशे जणांना एकाच वेळी. त्याला कधी मागितली नाही. काही वर्षांनी तो वारला. मी विसरलो.

आज माझ्या दवाखान्यात दोन आठवड्यांहून जुना खोकला आला तर मी आधी थुंकी तपासून आणायला सांगतो, मग माझ्या पेटीकडे वळतो. ही सवय त्या माणसामुळे लागली, हे मी कोणाला सांगितले नव्हते. स्वतःलाही नाही.

खेळात आर्थर डाउन्सच्या विधवेला आणि मुलाला शोधून मदत करू शकतो. त्या प्रसंगाला दिलेले नाव पापमुक्तीची मागणी करू नकोस, अशा अर्थाचे आहे. मला ते फार बरोबर वाटले. मेलेल्या माणसाकडून क्षमा मिळत नाही, आणि त्याच्या घरच्यांकडे ती मागणे म्हणजे आपले ओझे त्यांच्या डोक्यावर ठेवणे. सांगता मात्र येते.

यशोधराच्या कथेचा शेवट पुष्कळजण विसरतात. पिठाच्या कोंबड्याने बांधलेले ते दोन जीव शेवटी भाऊ-बहीण होऊन जन्मतात, आणि मारिदत्त नावाच्या राजासमोर बळी म्हणून उभे केले जातात. तिथे ते आपली सगळी गोष्ट सांगतात. ऐकून राजाच्या हातातले शस्त्र खाली येते. म्हणजे जी परंपरा सांगते की नुसत्या पिठानेही कर्म बांधले जाते, तीच परंपरा हेही सांगते, की नुसत्या गोष्टीनेही मन सुटू शकते. भाव खरा असेल तर दोन्हीकडे. आगगाडीच्या दरोड्यात माझा आनंद खरा होता, हे मी मघाशी कबूल केले. मग सेंट डेनिसमध्ये माझ्या पोटात पडलेला खड्डाही खराच धरला पाहिजे.

यंदाच्या क्षमावणीला मी मोबाईल बाजूला ठेवला आणि वडगावात गेलो. त्याचा मुलगा आता चाळिशीचा आहे, छोटे किराणा दुकान चालवतो. मी त्याला काय घडले ते सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आतून पाण्याचा तांब्या आणला, मला बसायला खुर्ची दिली, आणि विचारले, "लगेच पाठवलं असतं तर बाबा माग चालवू शकले असते का?"

"बहुतेक," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. दुकानात गिऱ्हाईक आले होते, तो उठला. मी पाणी प्यायलो आणि घरी आलो.